सेकंद : कालमापनातला ‘दुसरा’

इंग्रजी ‘सेकंड’ या शब्दाचे दोन अर्थ रोजच्या वापरात आहेत. क्रमाने दुसरा हा एक, आणि मिनिटाचा साठावा भाग हा दुसरा. या दोन अर्थांना जोडतो तो एक जुना भागाकार. कोणत्याही मापाचे साठ-साठ भाग करत जाण्याची रीत बॅबिलोनियाची. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने याच रीतीने वर्तुळाच्या अंशाचे साठ भाग केले आणि त्या प्रत्येकाचे पुन्हा साठ. लॅटिनमध्ये यांतल्या पहिल्या भागाला ‘पार्स मिनुता प्रीमा’, म्हणजे पहिला बारीक भाग, असे नाव मिळाले आणि दुसऱ्याला ‘पार्स मिनुता सेकुंदा’, म्हणजे दुसरा बारीक भाग. पुढे पहिल्या नावातला ‘बारीक’ तेवढा उरला आणि त्याचे मिनिट झाले. दुसऱ्यातला ‘दुसरा’ उरला आणि त्याचा सेकंद झाला. अरबीत सेकंदाला ‘सानिया’ म्हणतात. त्याचाही अर्थ ‘दुसरी’ असाच आहे.

भारतीय ज्योतिषातही अंशाचे असेच भाग आहेत. साठाव्या भागाला कला किंवा लिप्ता, आणि कलेच्या साठाव्या भागाला विकला किंवा विलिप्ता म्हणतात. ‘लिप्ता’ हा शब्द ग्रीक ‘लेप्टा’वरून आला असून त्याचाही मूळ अर्थ ‘बारीक’. कालगणना मात्र निराळी होती. येथे अहोरात्रीच्या ६० घटिका, घटिकेची ६० पळे आणि पळाची ६० विपळे. त्यामुळे एक पळ २४ सेकंदांचे होते आणि एका सेकंदात अडीच विपळे बसतात.

कोनाचे हे भाग काळाला लागू झाले ते खगोलगणितात. इ. स. १००० च्या सुमारास अल-बिरुनीने आणि १२६७ मध्ये रॉजर बेकनने चंद्राच्या वेळा मांडताना तासाचे मिनिट, सेकंद, इतकेच नव्हे तर ‘तिसरे’ आणि ‘चौथे’ भागही लिहिले. पण हे सारे आकडेमोडीपुरते होते. इंग्रजीत चॉसरने १३९१ च्या सुमारास लिहिलेल्या यंत्रराजावरील (अ‍ॅस्ट्रोलेबवरील) ग्रंथात मिनिटाचे साठ सेकंद सांगितले, तेही कोनाचेच. त्या काळच्या चर्चमधल्या अनेक मोठ्या घड्याळांना तबकडीही नसे. ती फक्त तासाचे टोले देत.

सेकंद खऱ्या अर्थाने मोजता येऊ लागला तो लंबकामुळे. १६५६ मध्ये डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्सने लंबकाचे घड्याळ तयार केले आणि दिवसाला कित्येक मिनिटांची चूक काही सेकंदांवर आली. सुमारे ९९ सेंटिमीटर लांबीचा लंबक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायला एक सेकंद घेतो. उंच उभ्या घड्याळांत हाच लंबक बसवला गेला आणि सेकंदाची टिकटिक घरात ऐकू येऊ लागली.

बराच काळ सेकंद म्हणजे दिवसाचा ८६,४०० वा भाग असे. परंतु पृथ्वीची गती पूर्णपणे एकसारखी नाही. म्हणून १९६७ मध्ये सेकंदाची व्याख्या अणूवर बेतली गेली: सीझियम-१३३ च्या ठरावीक प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आवर्तने म्हणजे एक सेकंद. पूर्वी दिवसावरून सेकंद ठरे. आता सेकंदावरून दिवसाची लांबी तपासली जाते. सेकंदाखाली साठाचा भागाकार मात्र टिकला नाही. ‘तिसऱ्या’ भागाची जागा दशांश पद्धतीच्या मिलिसेकंदाने घेतली.

बोलण्यात सेकंद काटेकोर राहत नाही. इंग्रजीत तो ‘क्षणभर’ या अर्थाने येतो, आणि मराठीतही ‘एक सेकंद थांब’ म्हणणारा साठावा भाग मोजत नसतो. मराठीने मात्र दोन अर्थांसाठी दोन रूपे केली. घड्याळातला तो ‘सेकंद’; आणि गाडीचा ‘सेकंड गिअर’ किंवा ‘सेकंड हँड’ सायकल यांतला तो ‘सेकंड’. इंग्रजीत एकाच शब्दात राहिलेले दुसरेपण आणि काळ मराठीत असे वेगळे झाले.