कुंपणच शेत खाते तेव्हा : दाह आणि कर्करोग

जखम झाली की भोवती लाली येते, सूज येते, आणि काही दिवसांत ती ओसरते. जो दाह वर्षानुवर्षे ओसरतच नाही, त्याचे काय?

१८६३ साली बर्लिनचे रुडॉल्फ फिर्खो यांनी या प्रश्नाला हात घातला. अर्बुदांच्या ऊतींत त्यांना पांढऱ्या पेशी दिसल्या होत्या. जिथे दीर्घकाळ क्षोभ, तिथे कर्करोग, असा तर्क त्यांनी मांडला. (अर्बुदे संयोजी ऊतींतून उगवतात हे त्यांचे दुसरे मत मात्र टिकले नाही.) तिकडे काश्मीरमध्ये, फेरनखाली निखाऱ्यांची कांगडी बाळगणाऱ्यांच्या पोटा-मांड्यांवर होणारा त्वचेचा कर्करोग डॉ. एल्मस्ली यांनी १८६६ मध्ये नोंदवला.

१८८२ मध्ये इल्या मेचनिकॉव्ह यांनी मेसिना येथे तारामाशाच्या अळीत काटा खुपसला. भटक्या पेशींनी त्याला वेढा घातला. भक्षक पेशी म्हणजे शरीराचे शिपाई, ही प्रतिमा तेव्हापासून रूढ झाली. १९०८ चे नोबेलही मिळाले. शिपायावर संशय कोण घेणार? पुढे विषाणू आणि जनुके यांनी संशोधकांचे लक्ष वेधून घेतले आणि फिर्खोंचा तर्क बराच काळ अडगळीत पडला.

१९८६ मध्ये हॅरोल्ड ड्वोरॅक यांनी अर्बुदाला न भरणाऱ्या जखमेची उपमा दिली. उपमा नेमकी होती. जखमेत मॅक्रोफेज पेशी आधी जंतू मारतात, मग नव्या रक्तवाहिन्या आणि ऊती उभारायला मदत करतात. दाह जुनाट झाला की ही कामे थांबत नाहीत. त्यांनी सोडलेले प्रखर ऑक्सिजन-रेणू शेजारच्या पेशींच्या डीएनएला इजा करतात, वाढीचे संदेश चालूच राहतात. अर्बुद तयार झाल्यावर त्यातील कित्येक मॅक्रोफेज त्यालाच रसद पुरवतात आणि कर्करोगपेशी मारू शकणाऱ्या टी-पेशींना थोपवतात.

जठराच्या बाबतीत आरोपी सापडला तो पर्थमध्ये. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी हेलिकोबॅक्टर जंतू शोधला. मार्शल यांनी १९८४ मध्ये तो स्वतः पिऊन जठरदाह ओढवून घेतला. १९९४ मध्ये या जंतूची कर्ककारकांत गणना झाली.

सर्वांत बोलका पुरावा मात्र अनपेक्षित ठिकाणी मिळाला. २०१७ मध्ये दहा हजारांहून अधिक हृदयरुग्णांवरील चाचणीत इंटरल्युकिन-१ बीटा हा दाहाचा संदेशवाहक रोखला गेला. औषध घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू घटले. त्याच गटात प्राणघातक संसर्ग मात्र वाढले.