वायुवाहिनीतील घर्षणाचे अनुमान : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना : नळातून वाहणाऱ्या पाण्याची घनता जवळजवळ स्थिर असते, वायूची मात्र दाबानुसार बदलते. म्हणूनच पाण्यावरील प्रयोगांतून मिळालेला घर्षण गुणांक वायूला लागू करता येईल काय, हा प्रश्न अभियांत्रिकीच्या इतिहासात महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत लेखात त्याच्या उत्तराचा मागोवा घेतला आहे.

बोगद्यातील कसोटी : १८५७ मध्ये आल्प्समधील फ्रेजुस बोगद्याचे खोदकाम सुरू झाले. डोंगराची उंची पाहता मधून विवरे खोदणे अशक्य होते. जर्मेन सोमेये यांनी छिद्रयंत्रे चालविण्यासाठी संपीडित हवा लांब नळांतून आत नेली. घर्षणामुळे दाब वाटेतच संपेल, ही शंका फोल ठरली. हवेचा वेग ध्वनिवेगाच्या तुलनेत अल्प असल्याने घनता फारशी बदलत नव्हती. सप्टेंबर १८७१ मध्ये बोगदा खुला झाला. सोमेये त्यापूर्वीच, जुलैमध्ये निधन पावले होते.

फानो यांचे योगदान : वेग वाढल्यावर हे साधे गणित अपुरे पडते. जिनो फानो यांनी १९०४ मध्ये झुरिच येथील पदविका प्रबंधात समान छेदाच्या, उष्णतारोधित नलिकेतील घर्षणयुक्त प्रवाहाचा विचार केला. अशा प्रवाहात घर्षणामुळे दाब व घनता घटतात आणि ध्वनिवेगाहून मंद असलेला वायू उलट वेगवान होतो. ध्वनिवेग गाठला की एंट्रॉपी कमाल होते. त्यानंतर नलिका आणखी लांबविल्यास प्रवाहाचे प्रमाणच घटते.

प्रयोगांचा निर्णय : १९३६ मध्ये फ्रॉसेल यांनी आणि १९४६ मध्ये कीनन व न्यूमन यांनी अतिवेगवान हवेवर मोजमापे केली. ध्वनिवेगाहून कमी वेगात, रेनल्ड्स अंक समान असल्यास, गुणांक असंपीड्य प्रवाहातील गुणांकाशी जुळतो, असे दिसून आले. ध्वनिवेगापलीकडे, विशेषतः आखूड नलिकांत, प्रवेशाजवळ वाढणाऱ्या सीमास्तराचा प्रभाव पडतो. तेथे हा नियम सरसकट लावता येत नाही.

समारोप : सारांश, वायूसाठी वेगळ्या गुणांकापेक्षा वेगळ्या समीकरणाची गरज होती. मूडी यांच्या १९४४ च्या आलेखातील गुणांक व फानो यांचे संबंध एकत्र वापरण्याची पद्धत याच जाणिवेवर उभी आहे. हा भेद विसरल्यास सुरक्षा झडपेची निर्गमवाहिनी कागदावर पुरेशी भासते. प्रत्यक्षात मात्र ऐन संकटात ती आवश्यक तेवढा वायू बाहेर सोडू शकत नाही.