प्रोजेक्टरचा ताप

मंडळी, या शनिवारचा विषय आहे प्रोजेक्टर आणि त्याचा ताप. ताप दोन्ही अर्थांनी, डोक्याला होणारा आणि दिव्यातून निघणारा! बेलापूरच्या घरातला जुना प्रोजेक्टर दोन आठवडे खोलून बसलो होतो. त्या निमित्ताने सिनेमाच्या यंत्रांचा इतिहासही चाळून झाला, आणि एक गोष्ट पक्की पटली. सव्वाशे वर्षांत दिवे बदलले, फिल्म आली आणि गेली, पण दुरुस्त करणाऱ्याचा पहिला प्रश्न काही बदलला नाही : एवढी उष्णता जातेय कुठे?

सुरुवात कल्याणपासून करू. १८९२च्या सुमारास तिथले महादेव गोपाळ पटवर्धन ‘शांबरिक खरोलिका’ नावाचे खेळ करू लागले. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं, मागे दिवा, पुढे भिंग. एकाहून जास्त दिवे वापरून ते चित्रं हलल्याचा भास निर्माण करत. त्यात एक सोय होती, काच पेटत नाही.

फिल्म पेटते. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा पहिला खेळ झाला. त्यांचं सिनेमॅटोग्राफ हे यंत्र मोठं हुशार. कॅमेरा तेच, प्रिंट काढायचं यंत्र तेच आणि प्रोजेक्टरही तेच. पण फिल्म नायट्रेटची, म्हणजे उष्णता वाढली की भडकणारी. त्यावरचा तोडगा मला फार आवडला. दिवा आणि फिल्मच्या मधे पाण्याने भरलेला काचेचा गोल चंबू. तो भिंगाचं काम करी आणि उष्णताही शोषून घेई. समजा फुटलाच, तर प्रकाश एका जागी एकवटायचाच बंद, म्हणजे फिल्म वाचली! बिघाड झाला तरी धोका होऊ नये, अशी रचना. आम्ही सॉफ्टवेअरवाले याच्यावर मीटिंगा घेतो, त्यांनी एका चंबूत उरकलं.

हे सगळे असे सावध नव्हते. ४ मे १८९७ रोजी पॅरिसमध्ये एका धर्मादाय बाजारात सिनेमाच्या खेळाच्या वेळी प्रोजेक्टरच्या ईथरवर चालणाऱ्या दिव्यामुळे आग लागली आणि सव्वाशेच्या आसपास माणसं गेली. दिवा ही गंमत नव्हे, हे तिथे जगाला कळलं.

आता आपल्याकडची गोष्ट. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. पाठोपाठ कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून जुनं यंत्र आणलं आणि त्याचा अभ्यास सुरू केला. १९१६ साली आनंदराव वारले. तरी बाबूराव आणि त्यांचे शिष्य विष्णुपंत दामले यांनी १९१८ साली स्वतःचा चालता कॅमेरा उभा केला, आणि १९२० साली ‘सैरंध्री’ आला. परदेशी कंपनीचा माणूस नाही, सुटे भाग नाहीत. यंत्र उघडून बघणं एवढीच शाळा. फिल्म थांबत थांबत पुढे सरकवणं ही युक्ती कॅमेऱ्यात आणि प्रोजेक्टरमध्ये सारखीच, त्यामुळे एक नीट उघडून पाहिलं की दुसऱ्याचा निम्मा अभ्यास झालेला असतो. म्हणजे मराठी सिनेमाची एक मोठी शाखा चक्क उघडलेल्या यंत्रातून निघाली!

बरं, आता आमचं यंत्र. काकांनी २००९च्या सुमारास नाशिकच्या एका ऑफिसातून सेकंडहँड घेतलेला एलसीडी प्रोजेक्टर. गणपतीत चौकातल्या पांढऱ्या पडद्यावर पिक्चर दाखवायला हाच जायचा. यंदा काकांचा फोन आला, “आरं, ते बारा मिनिटांनी बंद पडतंय. इंटरव्हल पण एवढ्या लवकर होत नाय!”

सर्व्हिस सेंटरचं उत्तर एका ओळीचं, “मॉडेल बंद झालंय, नवा घ्या.” काका म्हणाले, “तू इंजिनिअर आहेस ना? मग बघ की.” आता मी कोड लिहितो, पण हे घरी कोणाला सांगणार?

इथे लॉग नाही. वर तीन छोटे लाईट, एवढाच काय तो संवाद. तापमानाचा लाईट लुकलुकत होता, म्हणजे दिवा पेटतोय पण उष्णता बाहेर पडत नाहीये. असल्या प्रोजेक्टरचा दिवा म्हणजे उच्च दाबाचा पाऱ्याचा दिवा, फिलिप्सने १९९५च्या सुमारास आणलेली जात. चालू असताना आतला दाब वातावरणाच्या साधारण २०० पट! म्हणून नियम एकच : वायर काढायची, तासभर थांबायचं, मगच स्क्रू.

पहिलं, फिल्टर. काढला तर राखाडी गोधडी झालेली. आमच्याकडे ऊसतोडीनंतर पाचट पेटवतात, त्याची काळी काजळी वाऱ्यावर उडत घरात येते. शिवाय ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची धूळ. कंपनीच्या पुस्तकात ‘दर अमुक तासांनी फिल्टर साफ करा’ असं असतं. ते तास बहुधा बेलापुरात मोजलेले नसावेत. फिल्टर साफ केल्यावर बारा मिनिटांची वीस झाली. म्हणजे दिशा बरोबर.

दुसरं, पंखा. दिव्याजवळचा पंखा फिरत होता, पण बोटाने ढकलल्यावर सहज गरगरण्याऐवजी लगेच थांबायचा. बेअरिंग सुकलेलं. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत तेवढ्याच मापाचा आणि व्होल्टेजचा पंखा मिळाला. एक गोष्ट लक्षात ठेवा, वायर दोन आहेत की तीन ते मोजून घ्या. तिसरी वायर पंख्याचा वेग बोर्डला कळवते. ती नसेल तर बोर्डला वाटतं पंखा मेला, आणि तो दिवा लावूच देत नाही.

तिसरी गोष्ट काकांशी बोलताना कळली. लोडशेडिंगच्या वर्षांत पिक्चर चालू असताना वीज जायची, आणि दिव्याबरोबर पंखाही थांबायचा. प्रोजेक्टर बंद केल्यावर पंखा थोडा वेळ फिरत राहतो, तो उगीच नाही. नाहीतर सगळी उष्णता आतच कोंडते. आता इन्व्हर्टरवर जोडलाय.

नवा पंखा बसवून पूर्ण पिक्चर चालवला, एकदाही बंद पडला नाही. पण चित्रावर पिवळट झाक आहे, ती गेली नाही. निळ्या रंगाच्या वाटेवरची पोलरायझरची पट्टी उष्णतेने जळत जाते आणि निळा कमी पडतो. तो भाग सुटा मिळाला नाही. म्हणजे दुरुस्ती पाऊण झाली म्हणा.

आता टूरिंग टॉकीजकडे वळतो, कारण धूळ, उष्णता आणि वीज नसणं या तिन्ही गोष्टी एकत्र बघायच्या तर जत्रेतल्या तंबूत बघाव्यात. स्वतःचं जनरेटर, ट्रकमधून आलेला ३५ मिमी प्रोजेक्टर, आणि आत कार्बन आर्क. दोन कार्बनच्या कांड्यांमध्ये ठिणगी, तापमान साडेतीन हजार अंशांच्या घरात. कांड्या जळून आखूड होत, म्हणून ऑपरेटर सतत अंतर जुळवत बसे. सेकंदाला २४ चित्रं थांबवत पुढे नेणाऱ्या गिअरला तेल कमी पडलं, तर आवाजावरून त्याला कळे. खेळ थांबला तर हजारभर माणसं शिट्ट्या मारणार, सर्व्हिस सेंटर कुठलं? त्यामुळे चालवणारा आणि दुरुस्त करणारा बहुतेकदा एकच.

शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट (२०१६, कान महोत्सवात गौरवलेला) महाराष्ट्रातल्या अशा तंबूंवर आहे. त्यात प्रकाश नावाचे प्रोजेक्टर दुरुस्त करणारे एक कारागीर आहेत. नुसती दुरुस्ती करून थांबले नाहीत, गिअर तेलात राहतील असा स्वतःचा प्रोजेक्टर त्यांनी बनवला. आणि तो तयार असताना फिल्मच संपली, डिजिटल आलं. जमल्यास जरूर बघा. यंत्राबरोबर एका माणसाचं सगळं शिक्षणही कसं निकालात निघतं, ते त्यात दिसतं.

आता दुकानात लेझर प्रोजेक्टर आलेत. दिवा बदलायची गरज नाही, २०,००० तासांचं आयुष्य सांगतात, काहींना फिल्टरही नाही, सगळं सीलबंद. छान आहे. तरी घेताना दुकानदाराला तीन प्रश्न विचाराच : पंखा कुठून उघडतो? तो सुटा मिळतो का? आणि पाच वर्षांनी मिळेल का? उत्तराऐवजी तो वॉरंटीचा कागद दाखवू लागला, तर काय समजायचं ते तुम्हीच ठरवा.