लॉर्ड्‌सला दिलेला नकार

२५ जून १९३२ रोजीं हिंदी क्रिकेट-संघ लॉर्ड्‌सच्या मैदानावर आपला पहिला कसोटी सामना खेळावयास उतरला. खेळाडूनें जन्मभर वाट पाहावी असा तो योग! परंतु ४ जानेवारीस गांधीजींना अटक झाली होती. राष्ट्राचे पुढारी तुरुंगांत होते. मुंबईचे चौरंगी सामने तर १९३० पासूनच बंद पडले होते. अशा वेळीं एल. पी. जय, विजय मर्चंट व चंपक मेहता यांनीं विलायतेच्या दौऱ्यास जाण्याचें नाकारलें. मर्चंट अवघे वीस वर्षांचे. १९३६ सालीं त्यांना इंग्लंड दिसलें. जय मात्र तिशीस पोंचलेले, आणि फलंदाजाचीं उमेदीचीं वर्षें कोणी परत देत नाहीं. त्यांच्या वांट्यास १९३३ सालची मुंबई जिमखान्यावरील एकच कसोटी आली. धावा १९ आणि शून्य. पहिला रणजी करंडक मुंबईनें जिंकला, तो मात्र जय यांच्याच नेतृत्वाखालीं.