आजीचा सव्वा रुपया

आमच्या अकोल्याच्या घरी देवघरात एक हळदीच्या डागांची पुरचुंडी होती. तिला हात लावायचा नाही, असा आजीचा दंडक होता. तिच्यात सव्वा रुपया होता. एक रुपयाचं नाणं आणि एक पावली. 'ते ओंकाराचे पैसे आहेत,' असं आजी म्हणायची. आजी गेल्यावर पुरचुंडी आईकडे आली आणि आईनंतर माझ्याकडे. गेल्या कार्तिकात मी ती खिशात घालून ओंकारेश्वराला निघालो.

या पैशांची गोष्ट १९७४ च्या श्रावणातली. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. अकोल्याहून मीटरगेजच्या गाडीनं थेट ओंकारेश्वर रोड स्टेशनापर्यंत जाता यायचं. अकोट मागे पडलं की मेळघाटचं जंगल सुरू व्हायचं आणि धुळघाटला रूळ स्वतःभोवती वळसा घेऊन वर चढायचे. पुढे खंडवा, सनावद आणि मग नर्मदेच्या अलीकडचं ते लहानसं स्टेशन. खंडवा ते इंदूर हा मार्ग घालण्यासाठी १८७० च्या सुमारास दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते. आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिच्या लेखी ती 'ओंकाराची गाडी' होती.

स्टेशनापासून बारा किलोमीटरवर घाट. आम्ही पोचलो तेव्हा नदी दुथडी भरून चालली होती. गढूळ पाणी, वाहून आलेले ओंडके, आणि समोर बेटावर पांढरं शिखर. तेव्हा आम्हाला पलीकडे जायचं ते नावेनं, आणि नावा काठाला बांधून ठेवलेल्या. आजीनं नावाड्यांची विनवणी केली. एकही तयार होईना. दोन दिवस आम्ही धर्मशाळेत थांबलो. तिसऱ्या दिवशी काकांची रजा संपत होती. आजीनं अलीकडच्या काठावर ममलेश्वराचं दर्शन घेतलं, घाटावर उभी राहून शिखराला हात जोडले आणि वाहायला आणलेला सव्वा रुपया पदराच्या टोकाला बांधून परत आणला. पुढची एकवीस वर्षं कुणी विचारलं की ती म्हणायची, 'माझी अकरा झाली. एक राहिलं.'

बारा ज्योतिर्लिंगांतलं राहिलेलं ते एक. हा सल तिनं शेवटपर्यंत बाळगला.

आता मेळघाटातली ती गाडी उरली नाही. मी भुसावळवरून खंडव्याला गेलो आणि तिथून बसनं सत्तर किलोमीटर. ओंकारेश्वर हे मध्य प्रदेशातल्या खंडवा जिल्ह्यातलं गाव. नर्मदेच्या पात्रात मांधाता नावाचा डोंगर बेट होऊन बसलेला आहे. इक्ष्वाकू कुळातल्या मांधाता राजानं इथं तप केलं, म्हणून हे नाव. वरून पाहिलं तर बेटाचा आकार ॐ सारखा दिसतो, असं सगळे सांगतात. मला मात्र नवल वाटलं ते पाण्याचं. बेटाच्या दक्षिणेकडून नर्मदेचा मुख्य प्रवाह जातो आणि उत्तरेकडच्या फाट्याला लोक कावेरी म्हणतात. कावेरी नावाची एक लहान नदी बेटाच्या वरच्या अंगाला नर्मदेला मिळते. श्रद्धा अशी की तिचं पाणी नर्मदेत न मिसळता आरपार जातं, बेटाला उत्तरेकडून वळसा घालतं आणि खाली पुन्हा नर्मदेला भेटतं. त्यामुळे एकाच जोडीचे इथं दोन संगम मानले जातात.

मी आधी दक्षिण काठावर ममलेश्वराला गेलो. आजीनं पाहिलं होतं तेच देऊळ. काळसर दगडाचं, बसकं, पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखालचं. इथं अहिल्याबाई होळकरांनी लावून दिलेली एक परंपरा आहे. ब्राह्मणांनी रोज मातीची चिमुकली शिवलिंगं करायची, त्यांची पूजा करायची आणि ती नर्मदेत सोडायची. सकाळी घडवायची, पुजायची आणि त्याच नदीला परत द्यायची. अहिल्याबाईंची राजधानी महेश्वर याच नदीच्या काठी, खालच्या अंगाला. १७९५ मध्ये त्यांचा अंत झाला तोही तिथंच. महेश्वराच्याही अलीकडे रावेरखेडी लागतं. २८ एप्रिल १७४० रोजी थोरल्या बाजीरावांनी तिथं देह ठेवला. मराठी माणसाला ही नदी परकी वाटत नाही, त्यामागे हा इतिहास आहे.

देवळाच्या भिंतीवर ओळीच्या ओळी कोरलेल्या आहेत. मला त्या वाचता येत नाहीत, पण त्यांच्याविषयी मी वाचून गेलो होतो. त्यांत हलायुध नावाच्या कवीचं शिवस्तोत्र आहे आणि कोरल्याचं वर्ष आहे इसवी सन १०६३. म्हणजे ज्ञानेश्वरी लिहिली जाण्याच्या सव्वादोनशे वर्षं आधी. त्या वेळी माळव्यावर धारच्या परमारांचं राज्य होतं. राजा भोजाच्या मागून गादीवर आलेल्या जयसिंहाचा १०५५ सालचा एक ताम्रपट मांधात्याला मिळालेला आहे. अमरेश्वराच्या पट्टशाळेतल्या ब्राह्मणांच्या भोजनादी खर्चासाठी एक गाव दिल्याची नोंद त्यात आहे. हा अमरेश्वर म्हणजेच लोकांच्या तोंडी झालेला ममलेश्वर.

हे वाचलं होतं तेव्हाच मी थबकलो होतो. आता त्या भिंतीसमोर उभा असताना आजीच आठवली. ज्या देवळाला ती 'अलीकडचं' म्हणायची, ज्याचं दर्शन तिनं नाइलाजानं घेतलं, त्याच्या नावाने हजार वर्षांपूर्वी राजे गावं देत होते. इथं पाठशाळा होती, इथं जेवणावळी उठत होत्या. बेटावर जाता आलं नाही म्हणून वाटेत घेतलेलं ते दर्शन नव्हतं. ती एका फार जुन्या दारात उभी होती आणि तिला ते कुणी सांगितलं नव्हतं.

मग बारांतलं खरं ज्योतिर्लिंग कोणतं? हा वाद जुना आहे आणि घाटावर आजही तो ऐकू येतो. बेटावरचे म्हणतात ओंकारेश्वर, अलीकडचे म्हणतात ममलेश्वर. शिवपुराणातली कथा अशी की विंध्य पर्वतानं इथं शिवाची आराधना केली. शिव प्रसन्न झाले. देवांनी आणि ऋषींनी त्यांना इथंच राहण्याची विनंती केली, तेव्हा एकाच लिंगाची दोन रूपं झाली. एक प्रणवातलं, ओंकार. दुसरं पार्थिवातलं, अमरेश्वर. पुराणकारांनी वाद मिटवला तो असा, दोघांनाही एकाच जागी मोजून. ताम्रपट आणि शिलालेख काही त्या वादाचा निकाल देत नाहीत. देवस्थान किती जुनं, एवढंच ते सांगतात. पण आजीची संख्या अकरा होती की बारा, हा हिशेब मला आता वेगळा दिसू लागला.

मी पुलावरून बेटावर गेलो. आता दोन पूल आहेत, एक जुना आणि एक झुलता. पाच मिनिटांत माणूस पलीकडे. ज्या पाण्यानं आजीला दोन दिवस अडवलं, त्याच्यावरून मी शेंगदाणे खात चालत गेलो, याची मनाला थोडी लाज वाटली.

ओंकारेश्वराचं देऊळ मजल्यांवर मजले चढलेलं आहे. गाभारा अरुंद, आणि लिंग म्हणजे घडवलेला दगड नव्हे, जमिनीतून वर आलेला ओबडधोबड खडक. गंमत म्हणजे ते शिखराच्या बरोबर खाली नाही, एका बाजूला आहे. गर्दीत मला क्षणभरच उभं राहता आलं. रात्री शयनआरतीनंतर गाभाऱ्यात शंकर-पार्वतीसाठी सारीपाट मांडून ठेवतात. सकाळी दार उघडलं की फासे विस्कटलेले असतात, असं भाविक सांगतात. देवळाच्या खाली एक गुहा आहे. शंकराचार्यांना त्यांचे गुरू गोविंदपाद इथंच भेटले, अशी परंपरा आहे. त्याच परंपरेच्या स्मरणार्थ डोंगरावर शंकराचार्यांचा १०८ फुटी पुतळा सप्टेंबर २०२३ मध्ये उभा राहिला. त्यासाठी डोंगर फोडला, झाडं तोडली, म्हणून तेव्हा तक्रारीही झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे बेटाची परिक्रमा केली. साधारण सात किलोमीटर. वाटेत गौरी सोमनाथाचं देऊळ लागतं, मोडकी तटबंदी लागते, आणि मग सिद्धनाथाचं भग्न देऊळ. त्याच्या जोत्यावर हत्ती कोरलेले आहेत, एकमेकांशी झुंजणारे. बहुतेकांच्या सोंडा तुटलेल्या. मी एका हत्तीच्या पायाशी बसून डबा खाल्ला.

बेटाच्या पूर्व टोकाला वीरखळा नावाचा कडा आहे. तिथं पोचल्यावर बोलणं आपोआप कमी होतं. कालभैरवाला वाहून घेतलेले भक्त या कड्यावरून स्वतःला खाली झोकून देत. खाली खडक आणि नदी. कथा अशी की पूर्वी कालभैरव आणि काली यांच्या भयानं बेटावर यात्रेकरू येत नसत. दर्याव गोसावी नावाच्या साधूनं कालीला गुहेत कोंडलं आणि भैरवाला ठरावीक काळानं नरबळी मिळतील, असं वचन देऊन शांत केलं. म्हणजे आपल्यासारख्यांची यात्रा सुरळीत व्हावी म्हणून कुणीतरी कड्यावरून उडी घ्यायची. शेवटची उडी १८२४ मध्ये पडली, ती एका इंग्रज अधिकाऱ्यानं पाहिली. त्यानंतर ही प्रथा बंद करण्यात आली. तीर्थाचा महिमा सांगताना हे पान आपण उलटून टाकतो. पण उड्या घेणारी माणसंही भक्तच होती. त्यांची नावं कुठल्या भिंतीवर कोरलेली नाहीत.

वरच्या अंगाला धरणाची भिंत दिसते. ओंकारेश्वर प्रकल्प २००७ मध्ये पुरा झाला. ५२० मेगावॉट वीज होते. नदीला आता पूर्वीसारखं स्वतःच्या मनानं वाढता येत नाही. धरणातून पाणी सोडलं की ती वाढते, आणि त्याआधी भोंगा होतो. या विजेची किंमत भरणारे लोक धरणाच्या मागे राहतात. २०१२ मध्ये घोघलगावचे विस्थापित जमिनीच्या बदल्यात जमीन मागत सतरा दिवस गळाभर पाण्यात उभे राहिले होते. त्यांच्या पायांची कातडी सोलून निघाल्याची छायाचित्रं वर्तमानपत्रांत आली होती. २०१५ मध्ये ते पुन्हा पाण्यात उतरले. धरणाच्या पाण्यात धावडी कुंडही गेलं. घरोघरच्या देवघरांतली नर्मदेची बाणलिंगं ज्या प्रपातात घासून गुळगुळीत होत, तो हा कुंड. आमच्याही देवघरात असं एक आहे. ज्या पाण्यानं त्याला आकार दिला, ते पाणी आता तिथं कोसळत नाही.

परत येताना पुलाअलीकडे, ममलेश्वराच्या घाटावर, एक बाई भेटल्या. साठीच्या. हातात काठी, खांद्याला झोळी. मराठी बोलणं ऐकून मी 'नर्मदे हर' म्हणालो. त्या नर्मदा परिक्रमेला निघालेल्या होत्या. मी विचारलं, 'ओंकारेश्वराचं दर्शन झालं का?' त्या हसल्या.

'आम्हाला पलीकडे जाता येत नाही हो. परिक्रमेत नर्मदा ओलांडायची नसते. आम्ही इथूनच करतो दर्शन. परिक्रमा पुरी झाली की मग जायचं आणि ओंकाराला जल चढवायचं.'

'मग आता राहिल्यासारखं नाही वाटत?'

'राहील कसं? मैया मध्ये आहे ना. तिच्यावरून पोचतं.'

त्या गेल्यावर मी पायरीवर बराच वेळ बसून राहिलो. याच घाटावर आजी उभी होती. तिनं तिच्या परीनं नदीचा मानच राखला होता, पण ती परिक्रमेला आलेली नव्हती, म्हणून तिला ते अपुरं वाटलं. नियम तोच, पाणी तेच, शिखरही तेच. एकीच्या दृष्टीनं व्रत, दुसरीच्या दृष्टीनं हुकलेली संधी. आजीला अशी एखादी बाई तेव्हा भेटायला हवी होती.

पुरचुंडी मी आदल्या दिवशी बेटावरच्या गाभाऱ्यात सोडली होती. त्यातला रुपया मी ओंकाराला वाहिला होता. तो आजीचा नवस, त्याला माझी अक्कल लावायची नव्हती. पावली मात्र का कोण जाणे, परत खिशात टाकली होती. आपल्याकडे चार आण्याचं नाणं २०११ मध्ये चलनातून गेलं. बाजारात तिला काही किंमत नाही. मी उठलो, पुन्हा ममलेश्वराच्या देवळात गेलो, आणि ती पावली तिथं ठेवली.

पुजाऱ्यानं एकदा नाण्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग काही न बोलता कपाळाला भस्म लावलं.

पुरचुंडीचं फडकं मी धुऊन देवघरात ठेवलं आहे. आजीची बारा झाली.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)