सर्पगंधा आणि ‘दुष्परिणाम’ हा शब्द

मनोविकारांवरील आधुनिक औषधांचा इतिहास बहुधा पॅरिसमधील १९५२ सालच्या क्लोरप्रोमाझिनपासून सांगितला जातो. त्याचा दुसरा धागा आपल्याकडे आहे. सर्पगंधेचे मूळ वेडावर देण्याची प्रथा भारतात जुनी. १९३१ मध्ये गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्यावर लेख लिहिला. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला. १९५२ मध्ये या मुळातून रेसर्पिन वेगळे काढले गेले आणि लवकरच अमेरिकेत नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना दिले. १९५७ मध्ये वकील व क्लाइन दोघेही लास्कर पुरस्काराचे मानकरी ठरले.

गौरवाच्या त्याच वर्षी स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी दाखवले की, रेसर्पिनमुळे निश्चल झालेले प्राणी एल-डोपा देताच हालू लागतात. औषध घेणाऱ्यांचे हात कापत, चेहरे थिजत. त्या त्रासाचे मूळ डोपामिनच्या अभावात होते, आणि कंपवाताच्या उपचाराची वाटही तेथूनच निघाली. पुढे रेसर्पिन मागे पडले. परंतु नंतरच्या औषधांनीही कंप, जडत्व, तोंडाच्या अनैच्छिक हालचाली आणि सतत अस्वस्थ ठेवणारी ‘अकाथिसिया’ दिली.

इंग्रजीत ज्याला बाजूचा परिणाम म्हणतात, त्याला मराठीत आपण ‘दुष्परिणाम’ म्हणतो. हा फरक किरकोळ नव्हे. परिणाम बाजूचा की मुख्य, हे ठरवणारा वैद्य असतो. तो वाईट आहे, हे सांगणारा तो भोगणारा असतो. मानवतसारख्या गावातला रुग्ण ‘जीव एका जागी ठरंना’ असे म्हणतो, तेव्हा ते आजाराचे लक्षण समजून मात्रा वाढवली जाऊ शकते, आणि मात्रेबरोबर तीच तगमगही वाढते. उलट, त्रास न सांगता रुग्णाने गोळ्या एकाएकी बंद केल्या, तर आजार उलटण्याचा धोका असतो. दोन्हीकडे नुकसान न ऐकलेल्या वाक्याचेच.

मानसिक आरोग्याविषयीच्या २०१७ च्या कायद्याने उपचारांच्या ज्ञात दुष्परिणामांची माहिती, तीही रुग्णाला समजेल अशा भाषेत मिळण्याचा हक्क दिला आहे. कायदा माहिती रुग्णापर्यंत पोहोचवू पाहतो; परंतु ‘जीव ठरंना’ हे वाक्य वैद्यापर्यंत पोहोचणे हाही उपचाराचाच भाग आहे. रुग्णाची बोली वाचता येणे ही, म्हणून, केवळ वाङ्मयाच्या अभ्यासकाची गरज नाही.