गळलेला ‘नको’

रविवारी उपासनेत पवित्र शास्त्र उघडताना ते छापणारे हात आम्हाला सहसा आठवत नाहीत.

रॉबर्ट बार्कर हे इंग्लंडच्या राजाचे मुद्रक. १६११ चे किंग जेम्स बायबल त्यांनीच छापले. त्या काळी जुळारी एकेक खिळा उचलून उलट्या अक्षरांत ओळ जुळवी. एक गडी चामड्याच्या गोळ्यांनी शाई लावी, दुसरा दांडा ओढून ओलसर कागदावर ठसा उमटवी. तपासताना चूक नजरेतून सुटली, की ती शेकडो प्रतींत उतरे.

१६३१ मध्ये तसेच झाले. बार्कर आणि मार्टिन लुकास यांच्या आवृत्तीत व्यभिचाराविषयीच्या आज्ञेतला नकारच गळला! दोघांना मिळून ३०० पौंड दंड ठोठावण्यात आला. भागीदारांशी कोर्टकचेऱ्या करून बार्कर आधीच कर्जात बुडाले होते. त्यांचा शेवट तुरुंगातच झाला.

मंडळीचे पत्रक तपासताना आमच्याही हातून चुका सुटतात, म्हणून त्यांना हसवत नाही. उलट मनात येते : कागदावरचा गळलेला ‘नको’ कुणालाही दिसतो. आमच्या वागण्यातून तो गळला, तर तपासणार कोण? प्रभू, आमचे डोळे उघडे ठेव.